गाडी उचलून द्या : नीरेचा कालवा, वालचंद आणि फियाटचे पाटे

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या आहेत, हे आम्हाला समोरून दिसतंय. इतिहासाच्या व्याख्यानमालेत गाडीचे पाटे कुठून आले? विषय मिस्त्रीचा आहे, इतिहासकाराचा नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण गेली काही वर्षं आम्ही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या जुन्या वस्तूंचा मागोवा घेतोय. त्यात एक गोष्ट वारंवार समोर आली. या भागात अजून टिकून असलेली जुनी फियाट किंवा पद्मिनी बघितली, तर ती मुंबईच्या गाडीपेक्षा वेगळी उभी असते. जरा उंच असते, मागून तर नक्कीच. कधी एका अंगाला झुकलेलीही असते. ही उंची कुरल्याच्या कारखान्यातून आलेली नाही. ती इथे, आपल्या गॅरेजांत दिली गेली. कोणी दिली, का दिली आणि त्याची किंमत काय पडली, एवढंच आज बघायचं आहे.

त्यासाठी आधी कालव्यावर जावं लागेल.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला. १८७६-७८ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी आपल्याला माहीत आहेच. भाटघरच्या धरणाचं पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आलं. पाणी आलं, पण सुरुवातीला शेतकरी ते घेईनात. पाऊस बरा झाला की पाणी नको आणि दुष्काळ पडला की सगळ्यांनाच हवं, असा प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातल्या एका तरुण इंजिनिअरने यावर ब्लॉक पद्धत काढली. ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक करायचा, त्यातल्या काही भागालाच ऊस, बाकीच्याला हलकी पिकं, आणि पाण्याची हमी काही वर्षांची. हे इंजिनिअर म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते पुन्हा येणार आहे आणि तेव्हा ते पाण्यासाठी येणार नाही.

ऊस वाढला. ऊस वाढला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे जमीन पाणथळ होते, काही ठिकाणी खारवट, चोपण होते. दुसरी म्हणजे रस्ता खचतो. काळ्या जमिनीचा स्वभाव आपल्याला सांगायला नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यावर लोखंडी धावेची लाकडी चाकं, वर उसाचे भारे. वर्षानुवर्षं त्याच दोन रेघांतून गाड्या गेल्या की चाकोरी पडते. चाकोरी हा शब्द आपण आता फक्त नोकरी-संसारासाठी वापरतो. इथे मात्र ती खरोखरची, घोट्याएवढी, कधी गुडघ्याएवढी खोल असायची आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये मातीचा उंच वरंबा राहायचा. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, ज्यांना आपल्याकडे अजून डनलॉप म्हणतात, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. चाकोरी रुंद झाली, पण गेली नाही. आजही गाळप हंगामात कालव्याच्या कडेच्या रस्त्याने जाऊन बघा.

आता याच कालव्याच्या मुलखात, इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद दोशी आले. सोलापूरचा, १८८२ चा जन्म. रेल्वेची ठेकेदारी, मग आगबोटी, मग शेती आणि साखर. नाशिक जिल्ह्यात रावळगाव, आणि इथे वालचंदनगर. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा मोठा कारखानाही. ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. जी सहसा सांगितली जात नाही ती ही, की याच माणसाच्या डोक्यात त्याच दशकात मोटार होती.

इथे विश्वेश्वरय्या परत येतात. म्हैसूरची दिवाणगिरी सोडून बरीच वर्षं झालेली, वय सत्तरीच्या पुढे, आणि ते भारतात मोटारीचा कारखाना काढायचा आराखडा घेऊन फिरत होते. वालचंद त्यांच्या बरोबर आले. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जुळलं नाही, क्रायस्लरशी जुळलं. त्या परतीच्या प्रवासात विमानात एका अमेरिकन विमानविक्रेत्याची गाठ पडली आणि त्यातून बंगळूरचा विमान कारखाना निघाला, ती एक वेगळीच कथा आहे. मोटारीचा कारखाना मात्र महायुद्धात सरकारने रेंगाळत ठेवला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुरल्याहून पहिल्या गाड्या निघाल्या. त्या अमेरिकन, क्रायस्लरच्या घराण्यातल्या. लांबलचक, जड आणि पेट्रोल पिणाऱ्या.

छोटी गाडी आली इटलीहून. पन्नाशीच्या सुरुवातीला ट्यूरिनच्या फियाटशी करार झाला. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, चेसिस वेगळी नाही तर बॉडी हाच सांगाडा. आणि पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले. म्हणजे आपल्याकडे ज्या गाडीमुळे त्यांच्या कंपनीचं नाव घराघरांत पोचलं, ती कुरल्यातून बाहेर पडलेली त्यांनी बघितलीच नाही. १९५४ पासून ती इथे येऊ लागली. तिच्या गोलमटोल नाकाडामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट. सत्तरीच्या सुरुवातीला इटलीचं नाव गळालं, प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. पत्रा चौकोनी झाला, नाव बदललं, पण खालचा सांगाडा मूळ १९५३ चाच राहिला. ही गाडी कुरल्याला २००० च्या सुमारापर्यंत बनत होती.

बारामतीला आज इटली म्हटलं की एमआयडीसीतली पियाजिओ आठवते. तीनचाकी टमटम, मग व्हेस्पा. पण पियाजिओ आली नव्वदीच्या अखेरीला. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी इटलीची एक गाडी इथल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बागायतदारांच्या आणि कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या दारात उभी राहू लागली होती.

आणि इथे आमच्या मते खरी गंमत आहे. ज्या घराण्याने कळंबच्या माळावर ऊस उभा केला, त्याच घराण्याच्या दुसऱ्या कारखान्यातून ही गाडी आली. आणि उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत त्या मोटारीचं पोट घासू लागलं.

फियाट ११०० ही ट्यूरिनच्या डांबरी रस्त्यांची गाडी. तिची दोन चाकांमधली रुंदी सव्वा मीटरच्या आत-बाहेर. बैलगाडीची चाकोरी तिच्यापेक्षा रुंद. म्हणजे एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं वरंब्याच्या उतारावर. गाडी तिरकी, आणि मधला वरंबा नेमका इंजिनच्या खालच्या ऑइलच्या चेंबरला लागणार. चेंबर फुटणं हा शब्दप्रयोग ज्यांनी त्या काळात गाडी चालवली त्यांच्या अंगावर अजून काटा आणतो. चेंबर फुटला, तेल गळलं, आणि लक्षात न येता चालवत राहिलात तर बेअरिंग गेलं, इंजिन जाम. वालचंदनगरहून भिगवणला निघालेला माणूस मध्येच अडकला तर काय, याचा विचार करा. नवा भाग मुंबईहून किंवा पुण्याहून येणार. आणि नवी गाडी? परमिट-लायसन्सच्या राज्यात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस ते. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेले. उरल्या मोजक्या कंपन्या. तेव्हा हातात आहे ती गाडी जपणं, हा शौक नव्हता. ती सक्ती होती.

मग माणूस मिस्त्रीकडे जायचा. संवाद साधारण असा: “मिस्त्री, गाडी पार बसलीया मागनं. जरा उचलून द्या की.” मिस्त्री मागच्या मडगार्डवर हात टेकून दोनदा दाबणार, खाली वाकून बघणार आणि विचारणार, “मालक, रस्त्याला किती जण बसता?” हा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. त्याकडे येतो, पण त्याआधी उचलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते बघू. तांत्रिक भाग आहे, कंटाळू नका, इतिहास त्यातच आहे.

या गाडीला पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. वर-खाली विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. मागे अखंड ॲक्सल आणि त्याला दोन बाजूंना कमानपाटे. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत ज्याला लोखंडाचं काम येतं त्याला पाटे कळतात. म्हणून आपल्याकडे गाडी मागून जास्त उचलली गेली आणि पुढून कमी. याला इंजिनिअरिंगचं कारण शोधू नका. ज्याचा कारागीर गावात होता, ते काम झालं.

पाट्यांची उंची वाढवायच्या तीन वाटा. पहिली, पाटा वाढवायचा. समजा पाच सारखे पाटे आहेत आणि सहावा घातला. स्प्रिंग ढोबळमानाने वीस टक्के कडक झाली. आधी गाडीच्या वजनाने ती १२ सेंटिमीटर दबत असेल तर आता १० दबेल, म्हणजे गाडी २ सेंटिमीटर वर आली. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, हिशेब मात्र खरा आहे. पण याची किंमत आहे. स्प्रिंग कमी दबली की झोका वेगाने बसतो. १२ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग मिनिटाला साधारण ८६ वेळा झुलते, १० वाली ९५ वेळा. मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला हा फरक बरोबर कळतो. मोकळी गाडी टणाटण उडते. भरलेली गाडी मात्र छान चालते.

म्हणून मिस्त्रीचा प्रश्न, किती जण बसता? डॉक्टर एकटे फिरत असतील तर त्यांना पाटा वाढवून देणं म्हणजे त्यांच्या पाठीवर अन्याय. पण वऱ्हाड, ज्वारीची पोती, आणि टपावर कॅरिअर असेल तर पाटा हवाच. मुंबईच्या टॅक्सींना पुढे डिकीत सीएनजीची टाकी बसली, तिचं वजन पन्नास-साठ किलोच्या घरात. तिथेही पाट्याचंच औषध झालं.

दुसरी वाट, पाटा न वाढवता त्याच पाट्याला पुन्हा कमान द्यायची. पाटे उघडायचे, एकेक ऐरणीवर ठोकून वाक वाढवायचा. यात कडकपणा तेवढाच राहतो आणि उंची मिळते. ऐकायला हे सर्वांत चांगलं. पण स्प्रिंगचं पोलाद हे लोहाराच्या साध्या लोखंडासारखं नाही. तापवून वाकवलं तर त्याला परत नीट पाणी द्यावं लागतं आणि मग योग्य तेवढं तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. पाणी जास्त झालं तर पाटा काचेसारखा तुटतो, कमी झालं तर महिन्याभरात पुन्हा बसतो. ज्यांना भट्टीचा रंग बघून हे कळायचं असे कारागीर प्रत्येक तालुक्यात बोटावर मोजण्याइतके. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आणि वालचंदनगरच्या यंत्रशाळेच्या सावलीत लोखंडाचं काम जाणणारी एक पिढी तयार झाली. त्याचा फायदा गॅरेजांना झाला नसता तरच नवल.

तिसरी वाट, ठोकळा. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळायचं. पण इथे एक मेख आहे. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर ठोकळ्याने गाडी वर येते. पाटे खाली टांगलेले असतील तर त्याच ठोकळ्याने गाडी खाली बसते! ट्रकवर शिकलेल्या हाताने न बघता छोट्या गाडीला ठोकळा लावला की मालक म्हणणार, “उचलायला सांगितली होती, बसवली कशाला?”

पुढच्या कॉइलचं काम वेगळं. कॉइलच्या बुडाला जाड रबराची किंवा लोखंडाची चकती घालायची. पण कॉइल चाकावर थेट बसत नाही, ती विशबोनच्या मधल्या भागावर बसते. बरोबर मध्ये बसली असेल तर एक सेंटिमीटर चकतीने गाडी दोन सेंटिमीटर उचलते. ज्याला हे माहीत नाही तो दोन सेंटिमीटर हवेत म्हणून दोन सेंटिमीटरचीच चकती घालतो, आणि गाडी उंटासारखी पुढून चढते. काही जण कॉइलच्या वेढ्यांमध्ये रबराचे तुकडे कोंबायचे. त्याने गाडी उचलते खरी, पण तेवढे वेढे काम करेनासे होतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो.

उंची वाढली की बाकीचं सगळं हलतं. पुढच्या चाकांचा कल बदलतो, टायर एका कडेने खातो. स्टिअरिंगचे रॉड तिरके होतात, खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हाताला झटका देतं. मागे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर वाजू लागतो. शॉकअप मुळातच ताणलेला राहतो, त्याला वर जायला जागा आणि खाली यायला जागा यांचा तोल बिघडतो. हेडलाइट हलतात. मागून बसलेली गाडी समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश मारते आणि मागून उचललेली गाडी स्वतःच्या नाकापुढचा खड्डाच तेवढा उजळते. आणि वळणावर गाडी जास्त कलते. पुणे-सोलापूर रस्त्यावर हे सगळं एकत्र येऊन काय होऊ शकतं, ते बोलायची गरज नाही.

इतर देशांत काय होतं? फ्रान्समध्ये सित्रोएनने १९४८ मध्ये टूसीव्ही दाखवली. ती शेतकऱ्यासाठीच होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे, ही तिची अट असल्याचं नेहमी सांगितलं जातं. तिच्या स्प्रिंगा गाडीच्या कुशीत आडव्या नळकांड्यात असतात आणि ओढरॉडचे आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येते. म्हणजे उंची ही मालकाने गरजेप्रमाणे लावायची गोष्ट आहे, हे कारखान्यानेच मान्य केलेलं. फोक्सवॅगनच्या बीटलला पीळ घेणारे दांडे होते. मागच्या दांड्याच्या आतल्या टोकाला ४० दात आणि बाहेरच्या टोकाला ४४. एकीकडे एक दात पुढे आणि दुसरीकडे एक मागे सरकवला की अगदी बारीक कोन साधता येतो. आपल्या अँबेसडरच्या पुढच्या बाजूलाही असेच पीळदांडे होते, त्यामुळे अँबेसडर पुढून उचलणं फियाटपेक्षा सोपं होतं. ब्रिटिश मिनीत तर स्प्रिंगच नव्हती, रबराचे शंकू होते. रबर वर्षानुवर्षं दबून बसलं की गाडी खाली.

मद्रासमध्ये बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट तर सांगायलाच हवी. तिला मागे एकच आडवा पाटा आणि झुलते अर्धे ॲक्सल. ही गाडी उचलली की मागची चाकं खालून आत ओढली जातात, फेंगड्या पायांच्या उलट. जोरात वळण घेतलं तर मागचं चाक दुमडल्यासारखं होतं. फियाटला मागे अखंड ॲक्सल असल्यामुळे हा धोका नव्हता. फियाट इथे टिकली याला अनेक कारणं आहेत, पण अडाणी हाताने उचलली तरी ती बऱ्यापैकी माफ करायची, हे एक कारण आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याला टूसीव्ही मिळाली असती तर, असा प्रश्न मागे एका श्रोत्याने विचारला होता. रस्त्याच्या दृष्टीने ती नीरा खोऱ्याला जास्त योग्य होती, यात शंका नाही. पण त्या काळात गाडी रस्ता बघून निवडली जात नव्हती. कोणती परदेशी कंपनी तंत्र द्यायला तयार आहे आणि दिल्ली कशाला परवाना देते, यावर सगळं ठरायचं. बारामतीची चाकोरी त्या टेबलावर नव्हती. ती नंतर मिस्त्रीच्या ऐरणीवर आली.

म्हणून आमचं म्हणणं असं, की या वाढवलेल्या पाट्याकडे जुगाड म्हणून हसून बघू नये. जुगाड हा शब्द आजकाल फार स्वस्त झालाय. त्यात काही कामं वाईट होती, वेढ्यांत रबर कोंबणं वाईटच होतं. पण किती जण बसता हे विचारून पाटा निवडणारा माणूस तेच काम करत होता जे ट्यूरिनच्या कारखान्यातला इंजिनिअर करतो. फरक एवढाच, की ट्यूरिनचा माणूस कागदावर लिहून ठेवायचा आणि आपला नाही.

आता हे सगळं आज का काढलं? कारण प्रश्न दारात येऊन उभा आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ स्वरूपात राखली आहे आणि जिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार नाही, तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, समिती गाडी तपासते. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीत आली. म्हणजे या पुढच्या प्रत्येक वर्षी पद्मिनींची एकेक तुकडी या दारात येणार आहे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षांची झाली. आता ज्या उरल्या त्या खासगी, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्यासारख्या गावांत, गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये.

दुसऱ्या बाजूला कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या तपशिलात बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. व्हिंटेजच्या व्याख्येत चेसिस, बॉडी, इंजिन यांची नावं आहेत, पाट्यांचं नाव नाही. मग इंदापूरच्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी घातलेला सहावा पाटा काय समजायचा? फेरफार की इतिहास?

आम्ही बघतो, की गाडी सजवायला पुण्या-मुंबईच्या कारागिराकडे गेली की पहिलं काम हेच होतं. जुने पाटे भंगारात जातात, नवे कारखान्याच्या मापाचे बसतात, गाडी प्रदर्शनातल्यासारखी बरोबर उभी राहते. गाडी चालवायची असेल तर हेच योग्य, त्याबद्दल आमचा वाद नाही. रस्ते आता डांबरी आहेत, चाकोरी बरीच गेली, आणि वेगाने जाणाऱ्या गाडीला मूळ भूमितीच हवी. पण ते काढलेले पाटे भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. या तालुक्यांतल्या रस्त्यांचा कागदोपत्री इतिहास फार थोडा आहे. पाट्यांत तो पोलादात लिहिलेला आहे.

आणि जे पाटे न काढता गाडी नीट करणार असतील त्यांनी आधी मोजावं. सपाट फरशीवर गाडी उभी करा. चारही टायरांत हवा सारखी. डिकी रिकामी. गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका, गाडी खोटी उंच दिसते. मीटरभर पुढे-मागे ढकला, चारही कोपऱ्यांवर दोन-तीनदा दाबून सोडा, आणि मग मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजलेला असतो. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. डावी-उजवी तुलना करा. बहुतेक गाड्या उजवीकडे जास्त बसलेल्या सापडतील, कारण वर्षानुवर्षं त्या बाजूला एकटा चालवणारा बसला. जुने मिस्त्री डावी-उजवी स्प्रिंग आपापसात बदलायचे ते यासाठी, आणि त्यात काही चूक नाही. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी लटकलेली असताना आवळले तर रबर पिळलं जातं. मग गाडी काही दिवस उगाच उंच राहते आणि नंतर बूश फाटतो. उंची बदलली तर चाकांचा कल आणि हेडलाइट पुन्हा लावून घ्यायचे, हे सांगायला नको.

राहिला प्रश्न, गाडीत पाटा नंतर घातलाय हे ओळखायचं कसं. समोर बसलेल्या एका तरुण मित्राने मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, ती हीच. पाटे बाजूने मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. मग मधला सेंटर बोल्ट बघा. पाटा वाढला की बोल्ट लांब लागतो, तो बहुधा ट्रकच्या पाट्यांतला किंवा हाताने आटे पाडलेला असतो. यू-बोल्टच्या आट्यांची उरलेली लांबी बघा, दोन्ही बाजूंना कमी उरली असेल तर मध्ये काहीतरी जाड आलंय. पाटे उघडले तर प्रत्येकाची जाडी कॅलिपरने मोजा. नंतर आलेला पाटा पुष्कळदा जाडीला वेगळा असतो, कधी जीपचा, कधी टेम्पोचा कापून केलेला, आणि त्याच्या टोकावर छिन्नीची खूण असते. घासपट्टीच्या जागी झिजेचे डागही बाकीच्या पाट्यांपेक्षा कमी असतात. हे सगळं लिहून ठेवा, फोटो काढा, आणि गाडी त्या काळात कोणत्या गावातून कोणत्या गावाला जायची ते घरातल्या मोठ्यांना विचारून शेजारी लिहा. भवानीनगर, लासुर्णे, सणसर, बारामती. रस्त्याचं नाव आणि पाट्याची जाडी एका ओळीत आली, की त्यापुढचं काम आमच्यासारख्यांचं.